पायपेटीवाल्याची व्हॅन

गाडी माझ्या गॅरेजच्या दारात उभी होती, इंजिन चालू होतं आणि मला त्यात काहीच खोट सापडत नव्हती. रेस दिली की उचलत होती, सोडली की गुपचूप आपल्या लयीत येत होती. एवढी जुनी गाडी गॅसवर इतकी सरळ चालताना मी क्वचितच पाहिली होती.

"पाहा आता, कशी साजरी चालून राहिली," हेमराजभाऊ म्हणाले. गाडी चांगली चालते याचंच त्यांना वाईट वाटत होतं. "सकाळी कोहमाऱ्याले चारचौघात माहा नाक कापला हिनं."

हे 'हिनं' गाडीला होतं की स्टिअरिंगवर बसलेल्या बायकोला, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. बायकोनं मात्र ऐकून घेतलं आणि काचेबाहेर बघितलं.

दवाखान्याच्या पायरीवर दात दुखायचा थांबतो, तसं गाड्यांचंही असतं. गिऱ्हाईक खोटं बोलत नाही हे मला इतक्या वर्षांत कळलं आहे. पण बिघाड समोर आल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, हा माझा नियम आहे. या नियमापायी बरीच गिऱ्हाइकं मला हेकट म्हणतात.

माझं गॅरेज देवरीला, हायवेच्या कडेला. पोट चालतं ते ट्रकवाल्यांवर. इकडे सीएनजीचा पंप झाल्यापासून गॅसची कामंही येऊ लागली, ती मी शिकून घेतली. नवं किट बसवायचं, पासिंगचं बघायचं, आणि दुसऱ्यांनी बसवलेली किट दुरुस्त करायची. हे शेवटचं काम पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त असतं.

हेमराजभाऊ चिचगडकडच्या एका खेड्यातले. झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीत पायपेटी वाजवतात. ज्यांना आमचा मुलूख माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळी झाली, धान घरात आलं की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. पडदा उघडतो तो जेवणं आटोपल्यावर, पडतो तो उजाडताना. पायपेटी म्हणजे ऑर्गन. पायांनी भाता मारायचा, हातांनी वाजवायचं. तिच्याशिवाय आमच्याकडे नाटकाला कुणी नाटक म्हणत नाही. हेमराजभाऊंची बायको कुंदावहिनी त्याच कंपनीत रंगभूषा करतात. सीझनभर दोघं आज या गावाला, उद्या त्या गावाला. कंपनीची बाकीची माणसं शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर कुणाच्या पडवीत झोपतात. हे दोघं आपल्या व्हॅनमध्ये.

व्हॅन जुनी, कार्ब्युरेटरवाली. आजकालच्या गाडीत इंजिनाला किती पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. या गाडीत ते काम कार्ब्युरेटर नावाचं एक भांडं आपल्या अंदाजानं करतं. मागच्या सीट काढून फळ्यांचा पलंग केलेला. पलंगाखाली एका बाजूला गॅसचं सिलिंडर, दुसऱ्या बाजूला पायपेटीचं खोकं. भिंतीला आरसा, त्याच्याभोवती बल्ब, कोपऱ्यात रंगाची पेटी आणि छोटी शेगडी. दाराला फुलाफुलांचा पडदा. शहरात अशा गाडीला कॅम्पर म्हणतात आणि फोटो काढतात. वहिनी तिला घर म्हणायच्या.

गाडी वहिनीच चालवायच्या. बापाच्या ट्रॅक्टरवर शिकल्या होत्या. हेमराजभाऊंना गाडी येत नाही. गाडीबद्दलची मतं येतात.

"मिस्त्री, मी सांगू का काय होते ते?" ते म्हणाले. "हिचा पाय जड आहे. क्लच अर्धाच दाबते, रेस एकदम सोडून देते. आम्ही पायपेटीवाले, आम्हाला पायाचा समजते. पाय हलका पाहिजे."

"पेट्रोलवर काऊन नाही बंद पडत मग?" वहिनी पहिल्यांदा बोलल्या. "तेव्हा का पाय बदलून येतो माहा?"

मला हा प्रश्न आवडला. अर्धं निदान त्यात होतं.

मग सगळी हकीकत निघाली. गॅसचं किट बसवून महिना-दीड महिना झाला होता. दुसऱ्या भंगारात गेलेल्या गाडीचं किट, कुणीतरी स्वस्तात बसवून दिलेलं. कुणी बसवलं ते मी विचारलं नाही, विचारून नट घट्ट होत नाही. पहिले काही दिवस गाडी ठीक चालली. नंतर अधूनमधून बंद पडायला लागली. कधी गावात शिरताना, कधी मंडईच्या गर्दीत, कधी अगदी स्टेजच्या समोर. मोकळ्या रस्त्यावर काही नाही. थोडा वेळ थांबलं की आपोआप चालू. दोन ठिकाणी हे उशिरा पोचले. एका गावात नांदी नुसत्या तबल्यावर म्हणावी लागली आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. निर्मात्यानं सांगून टाकलं की आता कंपनीच्या बसमधून या, ती गाडी घरी ठेवा.

"म्हणून विकून राहिलो," हेमराजभाऊ म्हणाले. "कोहमाऱ्याचा अंडेवाला आहे. आज चार वाजता इथीच येते, तुमच्या गॅरेजमध्ये. म्हटला, मिस्त्रीच्या समोर पाहून घेतो. तोपर्यंत तुम्हाला खोट सापडली तं सापडली. नाही सापडली तं त्याच्या नशिबानं."

"आणि मी बसमंधी," वहिनी म्हणाल्या. "त्या पोट्ट्यांच्या मांडीवर रंगाची पेटी ठेवून. दिवसभर झोपाची कुठं ते बी सांगा."

"सगळे झोपतेत तिथी झोपाचं."

वहिनी गाडीतून उतरल्या, दाराचा पडदा काढला, घडी घातली आणि आत ठेवून दिला. मी पाण्याचा कॅन शोधायचं निमित्त करून दुसरीकडे गेलो. घरातलं सामान आवरताना बघणं मला जमत नाही.

आलो तो थेट प्रश्न विचारला. गॅसच्या गाडीला पहिला प्रश्न हाच असतो.

"किट बसवल्यापासून गाडी कुणी उघडली? कुठं दाखवली, काही रिपेअर केलं?"

"नाही," दोघंही म्हणाले.

"तुम्ही स्वतः?"

"नाही ना, मिस्त्री. आम्हाला त्याच्यात का समजते?" हेमराजभाऊ म्हणाले.

ठीक. मी कामाला लागलो.

गॅसवरची गाडी कशी चालते ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सिलिंडरमध्ये गॅस प्रचंड दाबाखाली भरलेला असतो. तो तसाच इंजिनात सोडता येत नाही. म्हणून मध्ये रिड्यूसर असतो, तो दाब उतरवतो. दाब उतरला की गॅस गार पडतो, इतका की रिड्यूसरवर दव धरतं. ते होऊ नये म्हणून इंजिनाचं गरम पाणी त्याच्यातून फिरवलेलं असतं. तिथून गॅस कार्ब्युरेटरच्या तोंडाशी हवेत मिसळतो आणि इंजिनात जातो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. इंजिन चालू असताना हवा आत ओढतं. त्या ओढीला आम्ही व्हॅक्यूम म्हणतो. इंजिनापासून रिड्यूसरपर्यंत करंगळीहून बारीक रबरी पाइप असतो, त्यातून ही ओढ पोचते. ओढ पोचली की रिड्यूसरमधला पडदा, म्हणजे डायफ्राम, उघडतो आणि गॅस सुटतो. ओढ गेली की पडदा बंद, गॅस बंद. गाडी कुठं ठोकली, इंजिन थांबलं, तर गॅस आपोआप थांबावा म्हणून ही सोय असते.

आधी एअर फिल्टर काढला. गोंदिया जिल्ह्यातल्या गाडीचा फिल्टर काढला की राइस मिलचा कोंडा निघतोच, इथंही निघाला. झटकला, साफ केला. प्लग काढले. गॅसला प्लगची फट पेट्रोलपेक्षा थोडी कमी लागते, ती जास्त होती. बसवून दिली. रेडिएटरचं पाणी पाहिलं, रिड्यूसरला जाणारे दोन्ही पाइप हातानं चाचपले. दोन्ही गरम, म्हणजे पाणी फिरत होतं. साबणाचं पाणी करून सिलिंडरपासून रिड्यूसरपर्यंत एकेक जोड तपासला. गॅस गळत असता तर बुडबुडे आले असते. एकही आला नाही.

साबणाचं पाणी लावताना हेमराजभाऊ माझ्या मागेमागे होते. प्रत्येक जोडाला वाकून बघत होते.

"नाही ना गळत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पक्का?"

"पक्का."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मला वाटलं, माणूस काळजी करणारा आहे.

या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली, वरून नजर टाकली. पाइप जागेवर, वायरी जागेवर, सगळ्यावर सारखाच काळा थर. आम्ही चहा पिईपर्यंत इंजिन थंड झालं होतं. मी ते चालू करून सगळ्या जोडांवर कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे मारला. कुठं बाहेरची हवा आत शिरत असेल तर तो स्प्रेही आत ओढला जातो आणि इंजिनाचा आवाज बदलतो. आवाज बदलला नाही.

गोंदियाच्या स्पेअरवाल्याला फोन लावला. त्याचं निदान फोन उचलण्याआधीच तयार असतं.

"उस्ताद, रिड्यूसर का डायफ्राम गया होगा. रिपेयर किट भेज दूँ? अभी बस में डाल देता हूँ."

"अभी रुको."

"बाद में बोलोगे, बस निकल जाएगी."

"निकलने दो."

मला अंदाजानं पार्ट बदलायचा राग आहे. एक बदलला, गाडी नाही सुधारली, मग दुसरा बदलायचा. गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा होतो आणि बिघाड जिथल्या तिथं. शिवाय डायफ्राम फाटला असता तर गाडी सकाळ-संध्याकाळ सारखीच रडली असती. ही थंड असताना ठीक होती, रस्त्यावर ठीक होती, गर्दीत बंद पडत होती. हा बिघाड वेळकाळ बघून येत होता. त्याला भेटायला आपणच जायला हवं होतं.

"चला, फिरून येऊ," मी म्हणालो. "चिचगडच्या रस्त्यानं."

हेमराजभाऊ लगेच म्हणाले, "तुम्ही चालवा, मिस्त्री."

"वहिनी चालवतील. त्यांच्या हातात बंद पडते ना? मग त्यांच्याच हातात पाहू. मी चालवली आणि नाही पडली तं तुम्ही उद्या म्हणाल, पाहा, बाईचाच दोष."

हेमराजभाऊ मागं पलंगावर बसले. मी वहिनींच्या शेजारी, हत्यारांची पिशवी पायाशी घेऊन.

रस्ता सुंदर आहे तो. दोन्ही बाजूंना जंगल, मध्येच धान कापून झालेली बांधी, कुठं पेंढ्यांचं पुंजणं रचलेलं. पण माझं लक्ष वहिनींच्या पायाकडं होतं, कामच होतं ते. एवढी वर्षं लोकांच्या शेजारी बसून गाड्या तपासतोय. सांगतो, त्या बाईचा पाय माझ्याहून चांगला होता. गिअर पडल्याचं कळत नव्हतं. खड्डा आला की आधीच वेग उतरवत होत्या, ब्रेकवर उभं राहणं नाही. मागं आरसा लावलेला आहे हे त्या चालवताना विसरत नव्हत्या, एवढं नक्की.

गाडी छान चालली. चिचगडच्या अलीकडून वळवली, परत निघालो. मनातून मी थोडा खट्टू झालो होतो. तेवढ्यात धान खरेदी केंद्र आलं. बाहेर ट्रॅक्टरची रांग, अर्धा रस्ता अडवून. समोरून एक ट्रक आलेला. पुढं जायला वाट नाही, मागं सरायला जागा नाही. पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. सीटखालून इंजिनाची झळ मांडीला जाणवायला लागली.

आणि गाडी हुंदका दिल्यासारखी हलली आणि बंद पडली.

"झालं," मागून हेमराजभाऊ म्हणाले. "सोडला ना पाय?"

वहिनींचे ओठ घट्ट मिटले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच.

"पाय नाही सोडला," मी म्हणालो. "मी त्यांच्या पायाकडंच पाहून राहिलो होतो. क्लच पूर्ण दाबलेला होता."

मला खरं तर आनंद झाला होता. तो दाखवणं बरं दिसलं नसतं. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न लावून धरला, त्यालाही हात दाखवला.

"वहिनी, पेट्रोलवर करा."

डॅशबोर्डवर एक बटण असतं, पेट्रोल आणि गॅस बदलायचं. त्यांनी ते दाबलं, चावी फिरवली. थोडं गुरगुरून इंजिन चालू झालं. आम्ही गाडी कडेला एका पळसाखाली घेतली.

"आता परत गॅसवर."

गॅसवर घेतली. काही क्षण चालली आणि गेली. पुन्हा पेट्रोल, पुन्हा चालू.

याचा अर्थ सरळ होता. इंजिन चांगलं होतं. गॅसचं मिश्रण बिघडलेलं नव्हतं, गॅस यायचाच थांबत होता. आणि गॅस थांबवणारी वस्तू एकच, रिड्यूसरमधला तो पडदा. मी रिड्यूसरवरचा बारीक पाइप उपसला आणि त्याच्या तोंडावर अंगठा ठेवला. चालू इंजिनानं अंगठा घट्ट धरायला हवा होता. नुसत्या गुदगुल्या केल्यासारखं लागलं. ओढ वाटेतच कुठंतरी हरवत होती.

सीट उचलली. पाइप धरत धरत मागं गेलो. पाइपाचं दुसरं टोक इंजिनावरच्या एका पितळी निपलवर चढवलेलं असतं आणि त्यावर क्लिप आवळलेली असते. इथं क्लिप नव्हती. तिच्या जागी निपलभोवती एक काळपट, गुळगुळीत कडं होतं. सकाळी मी ते रबराचं बूच समजून सोडलं होतं. आता बोट लावलं. बोट पोळलं आणि मागं घेताना त्याच्याबरोबर एक लांब लालसर तार आली.

वास ओळखीचा होता. विळ्याचा दांडा सैल झाला की आमच्याकडे मुठीत लाख भरतात, वरून तापवलेला विळा खुपसतात. तोच वास.

"ही लाख आहे," मी म्हणालो.

हेमराजभाऊ पलंगावरून वाकून पुढं आले. "हव. लाखच आहे."

"कुणी लावली?"

"मीच लावलो."

माझा आवाज चढला, तो चढायला नको होता, पण चढला. "सकाळी मी विचारलं ना, गाडीले हात लावला का म्हणून? नाही म्हणाले."

"तुम्ही विचारले, रिपेअर केली का," ते म्हणाले. त्यांना खरंच माझ्या रागाचं कारण कळत नव्हतं. "हे का रिपेअर आहे, मिस्त्री? लाख भरली नुसती. पायपेटीच्या भात्यातून हवा सुटली तं आम्ही काय करतो? लाख भरतो. घरची लाख आहे, आमच्याच पळसावरची. आता पेटीले लाख लावलो तं मी का पेटी रिपेअर केलो म्हणून सांगत फिरू?"

"पण कायले भरली?"

त्यांनी वहिनींकडं एकदा बघितलं.

"फुसफुस होऊन राहिली होती इथून. किट बसवल्यावर आठवड्यानंच. हिले ऐकू नाही आली, मले आली. कानाचाच धंदा आहे माहा. मी समजलो, गॅस गळून राहिला." मग आवाज खाली गेला. "आम्ही रात्रभर स्टेजपुढं राहतो. ही सगळ्यांचे चेहरे रंगवून झाले की गाडीत येऊन झोपते. सिलिंडरच्या वर. मी तिकडे वाजवून राहिलो आणि डोक्यात हेच की आता भडकते का मग भडकते. हिले सांगतलो असतो तं ही भिली असती, गाडीतच झोपली नसती. म्हणून ही नदीवर गेली तेव्हा भरून टाकलो. क्लिप सैलच होती, फेकून देलो. लाखेपुढं क्लिप कायची?"

आता दोघांनाही समजावून सांगायला हवं होतं. ती फुसफुस गॅसची नव्हतीच. पाइप निपलला एक नंबर मोठा बसवला होता, सैल होता. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती, तिचा तो आवाज. गॅस बाहेर येत असता तर इंजिन बंद असतानाही फुसफुसला असता, आणि वासही आला असता. भडकण्यासारखं तिथं काही नव्हतंच. फट बारीक होती म्हणून गाडी तशीही चालत होती. क्लिप आवळली असती, फार तर पाइप बदलला असता, तर विषय संपला असता.

लाखेनं तो वाढवला. लाख थंड असताना हाडासारखी टणक. म्हणून सकाळी माझ्या स्प्रेलाही दाद दिली नाही. मोकळ्या रस्त्यावर गाडीखालून वारा लागतो, तिथंही ती टिकून राहायची. पण गर्दीत गाडी मुंगीच्या पावलानं चालली की सगळी झळ सीटखाली कोंडते. लाख मऊ व्हायची. मऊ झाली की इंजिनाची ओढ तिला आत खेचायची, कडेनं भोक पडायचं, हवा शिरायची. पाइपातली ओढ संपायची आणि रिड्यूसर गॅस बंद करायचा. त्याचं काहीच चुकत नव्हतं. इंजिन थांबलं की ओढ थांबायची, मऊ लाख पुन्हा आपल्या जागी बसायची, थंड व्हायची, भोक बुजायचं. मग गाडी चालू. माझ्याकडे आली तेव्हा तर ती अगदी गुणी बाळ झाली होती.

हेमराजभाऊ सगळं ऐकत होते. त्यांनी मध्येच एकदा विचारलं, "म्हणजे पेट्रोलवर असताना हे लागतच नाही?"

"पेट्रोलले रिड्यूसर लागत नाही. इंजिन थोडं तेज चालत असंल, तुम्हाला कळलं नसंल."

ट्रॅक्टरची रांग एक ट्रॉली पुढं सरकली.

मग वहिनी म्हणाल्या, "तं माहा पाय नव्हता."

कुणाला उद्देशून नाही. रस्त्याकडं बघत. महिनाभर सगळ्या कंपनीनं, निर्मात्यानं, शिट्ट्या मारणाऱ्या पोरांनी, घरच्या माणसानं त्यांना ऐकवलं होतं. आणि त्यांनाही मधूनमधून वाटायला लागलं असणार की आपलाच पाय. ते मला त्या एका वाक्यात ऐकू आलं. मी निपल पुसायला घेतलं.

हेमराजभाऊ गाडीतून उतरले आणि पळसाला पाठ लावून उभे राहिले.

पुढचं काम किरकोळ होतं. लाख गरम होती तोवरच चिंधीनं ओढून काढली, राहिलेली चाकूनं खरवडली, निपलचं भोक तारेनं मोकळं केलं. पिशवीत बरोबर मापाचा पाइप होता. तो चढवला, दोन्ही टोकांना नव्या क्लिपा आवळल्या. अंगठा लावून पाहिला, आता अंगठा सुटत नव्हता.

"वहिनी, गॅसवर घ्या. आणि रांगेत शिरा."

"रांगेत?" हेमराजभाऊ म्हणाले.

"तिथंच तर बघायचं आहे."

वहिनींनी गाडी मुद्दाम ट्रॅक्टरच्या मागं लावली. सरकल्या, थांबल्या, सरकल्या. झळ पुन्हा मांडीला लागली. ट्रॅक्टरवाले आमच्याकडं बघत होते, की ही माणसं धान नसताना रांगेत कशाला. रांगेचं टोक येईपर्यंत आम्ही गेलो, परत मागं आलो, पुन्हा शिरलो. गाडीनं एकदाही हुंदका दिला नाही. वाटेत वहिनींनी तो घडी केलेला पडदा हात मागं करून काढला आणि मांडीवर ठेवला. लावायला वेळ नव्हता.

देवरीला आलो तर अंडेवाला माझ्या बाकावर बसून होता. व्हॅन आत येताना त्यानं नीट बघितली, टायरला लाथ मारून पाहिली.

"का झाला, मिस्त्री? सापडली का खोट?"

मी उत्तर द्यायच्या आत हेमराजभाऊच बोलले. पूर्ण आवाजात, माझ्या गॅरेजमधल्या ट्रकवाल्यांनाही ऐकू जाईल असं.

"सापडली. खोट माही होती. मीच नळीत लाख भरून ठेवलो होतो. गाडी चांगली आहे आणि चालवणारी बी चांगली आहे. मी उगाच तिले बोलून राहिलो महिनाभर."

अंडेवाला खुश झाला. "मग तं बेसच झाला ना. दुरुस्त बी झाली. द्या चाबी."

"विकाची नाही."

"असा कसा? शब्द देला होता तुम्ही."

"देला होता," हेमराजभाऊ म्हणाले. "बिघडलेल्या गाडीचा देला होता. ते गाडी आता नाही आहे माह्यापाशी."

अंडेवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी पान्यावरचं ग्रीस पुसत होतो. तो थोडा वेळ कुरकुरला, चहा पिऊन गेला. मनात काही ठेवून गेला असेल तर ठेवू दे, अंडी न्यायला दुसऱ्या गाड्या आहेत.

त्या रात्री कंपनीचं नाटक नवेगाव बांधच्या अलीकडच्या एका गावात होतं. ऊन उतरायला लागलं होतं. वहिनींनी पडदा लावून टाकला आणि इंजिन चालू केलं. हेमराजभाऊंनी निर्मात्याला फोन करून जे अंडेवाल्याला सांगितलं तेच सांगितलं. पलीकडून बरंच काही ऐकून घेतलं, मध्ये फक्त "हव, माहीच" एवढं म्हणाले. मग मागं पलंगाकडं निघाले.

"पुढं बसा," वहिनी म्हणाल्या. "आणि माह्या पायाकडं पाहू नका. रस्त्याकडं पाहा."

ते पुढं बसले. गाडी हायवेला लागली.

सीझन संपेपर्यंत ती व्हॅन माझ्याकडे परत आली नाही. मेकॅनिकच्या धंद्यात यापेक्षा मोठी पावती नसते. मी माझ्या कामात एक बदल केला. 'गाडीला हात लावला का, रिपेअर केली का' हे विचारणं सोडून दिलं, कारण त्याचं उत्तर सगळे प्रामाणिकपणे 'नाही' असंच देतात. आता विचारतो, काय भरलं, काय चिकटवलं, काय बांधलं? मग माणसं सहज सांगायला लागतात. पेट्रोलच्या टाकीला साबण लावला, रेडिएटरला हळद भरली, सायलेन्सरला माती थापली. आणि कशाला थापली हेही विचारतो. खरा बिघाड बहुतेक वेळा त्या दुसऱ्या उत्तरात असतो.